प्लॅटिनमच्या रव्यावरची बैठक

डिचोलीच्या बाजारात एका शेटच्या दुकानात मी अधूनमधून उगाच जाऊन बसतो. घ्यायचे काही नसते. शेट सोन्याच्या तारेचे टोक ज्योतीत धरतात. ते आधी लाल होते, मग झगझगीत, आणि एका क्षणी तार आखडून वर सरकते नि टोकाशी टपोरा रवा लोंबू लागतो. शेट तो लगेच शेजारच्या वाडग्यातल्या पाण्यात बुडवतात. चर्र असा बारीक आवाज. झाले. पुढची तार.

‘‘मास्तर, तेच तेच बघून कंटाळा येत नाही?’’ त्यांनी एकदा विचारले. कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अजून कुणी मास्तर म्हणते, याचेच बरे वाटले. उत्तर मात्र त्या दिवशी जमले नाही. मला त्या रव्यात दुसराच रवा दिसत होता. तो सोन्याचा नव्हता, प्लॅटिनमचा होता, आणि डिचोलीतला नव्हता, पॅरिसजवळच्या बेलव्ह्यूमधला होता.

तिथल्या प्रयोगशाळेतून ज्याँ क्लाव्हिलिए यांनी १९८० साली विद्युत्‌रसायनाच्या एका नियतकालिकात पाठोपाठ दोन लेख छापले. पहिला सहकाऱ्यांबरोबर, दुसरा एकट्याने. पहिल्यात कृती आहे आणि ती सोनाराच्या हातची वाटावी इतकी साधी आहे. प्लॅटिनमची तार घ्यायची, टोक वितळवायचे, रवा होऊ द्यायचा. फरक आचेचा. सोने १०६४ अंश सेल्सिअसला पाणी होते, प्लॅटिनमला १७६८ लागतात. साध्या ज्योतीचे ते काम नव्हे, ऑक्सिजनची फुंकर हवीच. पण एका बाबतीत प्लॅटिनम सोनारापुढचे कामच कमी करते. त्याला हवेतल्या ऑक्सिजनचे सोयरसुतक नाही. टाकणखार नको, मूस नको, कोळसा नको. रवा तारेलाच टांगलेला, दुसऱ्या कशाला त्याचा स्पर्शच नाही. आणि तो सावकाश निवला, तर आतले सगळे अणू एकाच शिस्तीत उभे राहतात. अख्खा रवा म्हणजे एकच स्फटिक. दोन-तीन मिलिमीटरचा तो थेंब बाहेरून गोल दिसतो आणि आत मात्र देवळाच्या दगडी बांधकामासारखा काटकोनी असतो, ही त्यातली पहिली गंमत.

आत काय आहे याची खूण तो बाहेर दाखवतोही. गोल पाठीवर मधूनच बारकेसे सपाट आरसे उमटतात. त्यांतले ठळक आरसे (१११) या मुखाचे. हे आकडे पाहून दचकू नये. स्फटिक कोणत्या दिशेने कापला याचा तो पत्ता आहे, घरनंबरासारखा. या आरशांवर प्रकाशाचा झोत टाकायचा, परतलेला किरण भिंतीवर कुठे पडतो ते बघायचे, आणि त्यावरून रवा हव्या त्या कोनात फिरवून पक्का करायचा. मग अर्धा रवा घासून टाकायचा. हिऱ्याच्या भुकटीचा लेप वापरत, एकाहून एक बारीक, शेवटी पाव मायक्रॉनपर्यंत. कोनात अर्धा अंश चूक झाली तर? मी एकदा कागदावर हिशेब केला. (१११) मुखावर एका थराची उंची ०.२२७ नॅनोमीटर, म्हणजे अर्ध्या अंशाच्या चुकीला साधारण दर शंभर ओळींमागे एक पायरी. अणूंच्या शंभर ओळी सपाट आणि मग एक पायरी, हे ज्यांच्या लेखी ‘चूक’, त्यांच्या हाताला काय म्हणावे! आपल्याकडे फरशी बसवणाऱ्याचा याहून कितीतरी मोठा अपराध आपण हसून सोडून देतो.

पायरी आणि पठार हे शब्द मी हौसेने वापरत नाही, पृष्ठविज्ञानात तेच बोलले जातात. ज्याने डिचोली-सत्तरीकडचे डोंगरउतारावरचे कुळागर पाहिले आहे त्याला चित्र काढून दाखवायला नको. पोफळीचा एक टप्पा, दगडी बांध, खाली दुसरा टप्पा. पाणी कुठे मुरते नि कुठे घसरते, हे टप्प्यापेक्षा बांधाशी ठरते. प्लॅटिनमवरही पुष्कळदा तसेच.

घासल्याने पृष्ठ चकचकीत होते, पण वरचे थर विस्कटलेले असतात. क्लाव्हिलिए यांची खरी करामत इथे आहे. त्यांच्या आधी लोक अशी मुखे एक तर महागड्या निर्वात पेटीत साफ करत, नाही तर द्रावणातच विभव वर-खाली फिरवून. दुसऱ्या वाटेने साफसफाई होता होता शिस्तच मोडे. क्लाव्हिलिए यांनी कापलेला रवा पुन्हा ज्योतीत लाल केला, म्हणजे अणू आपापल्या जागी परतले आणि वरची घाण जळून गेली. पण लाल रवा ज्योतीतून पात्रापर्यंत न्यायचा कसा? मधली हवा काही सोवळ्यातली नाही. त्यांनी त्यावर अतिशुद्ध पाण्याचा एक थेंब चढवला. तो थेंब छत्रीसारखा धरून रवा पात्रात जातो. कोट्यवधींच्या निर्वात यंत्रापुढे एक थेंब पाणी! अनेकांना ते पटले नाही आणि अशा रव्यावर मिळालेल्या विभव-प्रवाहाच्या आलेखातली नवी चिन्हे ही मळाचीच करणी असावी असे वाद काही वर्षे चालले. शेवटी निर्वात पेटीवाल्यांनाही तेच आलेख मिळाले, तेव्हा थेंब जिंकला.

सोवळ्याचा उल्लेख मी सहज केला खरा, पण या कलेचा निम्मा भाग सोवळेच आहे. माझी एक मावशी पेडण्याची. तिच्या स्वयंपाकघरात चवथीला आम्हा मुलांना उंबऱ्याबाहेर उभे करीत. एकस्फटिकावर काम करणारे त्याहून कडक. काचसामान परमँगनेटमध्ये भिजत ठेवायचे, मग धुऊन शुद्ध पाण्यात पुनःपुन्हा उकळायचे. आणि पाणी कसले, तर ज्याची विद्युतरोधकता १८.२ मेगाओम-सेंटिमीटर भरते असले. बोटाचा ओझरता स्पर्श झाला की दिवस गेला. मुख द्रावणाला टेकवतानाही ते बुडवत नाहीत. टेकवायचे आणि किंचित वर उचलायचे, म्हणजे खाली द्रावणाचा लहानसा खांब लोंबत राहतो आणि फक्त कापलेले मुख भिजते. गोल कडा कोरड्या. टेकवण्या-उचलण्याची ती लकब माझ्या नजरेला फार सुखावते. पणतीची वात तेलाला जेमतेम टेकावी तशी.

आता आलेख. रसिकाने गाणे ऐकायला बसावे तसे इथे बसावे, कारण सगळे सौंदर्य या एका रेषेत आहे. विभव शून्याच्या जरा वरून ०.९ व्होल्टपर्यंत चढवायचे आणि परत उतरवायचे. सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या नेहमीच्या चालीने जायला सतरा सेकंद, यायला सतरा. चढताना रेषा वर, उतरताना खाली. मुख (१११), द्रावण विरळ परक्लोरिक आम्ल. सुरुवातीला डावीकडे एक रुंद, बुटका ओटा दिसतो. पृष्ठावर बसलेले हायड्रोजन अणू उठून चालले आहेत, पण घाई नाही, गर्दी नाही. कुठेही टोक येत नाही, कारण सगळ्या जागा सारख्या. कुणाला खास आसन नाही. ०.४ च्या आसपास ओटा संपतो आणि रेषा जवळजवळ आडवी होते. कुणी बसलेले नाही, कुणी यायचे आहे. मग उजवीकडे, ०.५५ ते ०.८५ च्या दरम्यान, पाण्यातून आलेले हायड्रॉक्सिल गट बसू लागतात आणि रेषा पंख पसरते. आधी रुंद पंख, मग ०.८ जवळ अणकुचीदार टोक. परतीच्या वाटेवर तेच चित्र खाली, आरशातल्यासारखे. वरचे नि खालचे मिळून पंख उघडलेले फुलपाखरू. तज्ज्ञ त्याला फुलपाखरूच म्हणतात. वर-खाली इतके तंतोतंत जुळणे म्हणजे काय, तर आलेला पाहुणा ज्या दाराने आला त्याच दाराने, तेवढ्याच सहज निघून गेला. घराची एक वस्तू हलली नाही.

आता आम्ल बदला. परक्लोरिकच्या जागी गंधकाम्ल घाला, बाकी सगळे तेच. फुलपाखरू उठून डावीकडे येते आणि ०.४५ च्या सुमारास त्याचे टोक सुईसारखे उभे राहते. सल्फेट आयन हायड्रोजन उठताक्षणी जागा धरतात आणि सगळे रांगा लावून बसतात. ती सुई म्हणजे रांगा लागल्याचा क्षण. क्लाव्हिलिए यांच्या दुसऱ्या लेखाचा विषय नेमका हाच, ऋणायनाची भूमिका. मथळ्यातच त्यांनी आलेखाच्या या दुभंगाला असाधारण म्हटले आहे. शास्त्रीय लेखाच्या मथळ्यात विशेषण येते तेव्हा लेखकाचा ऊर भरून आलेला असतो, असे माझे मत आहे.

दुसरी मुखे निराळ्या स्वभावाची. (११०) वर हायड्रोजन लवकर उठतो, ०.१३ च्या आसपास एकच धारदार शिखर आणि खेळ आटोपता. (१००) वर तो चिवट, ०.३ ते ०.४ पर्यंत मांडी ठोकून. दर चौरस सेंटिमीटरला, प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर, (१११) चा हिशेब २४० मायक्रोकूलोम येतो, (१००) चा २०९, (११०) चा १४७. धातू तोच, शुद्धता तीच. कापण्याचा कोन बदलला की वागणे बदलते. आणि (१११) वर मुद्दाम पायऱ्या पाडल्या, तर त्या पठारी ओट्यावर ०.१३ जवळ एक लहान टोक उगवते. पायऱ्या वाढवा, टोक वाढते. रेषा बघून पायऱ्या मोजता येतात! हातात भिंग न घेता अणूंच्या कडा मोजणारी ही रेषा मला कुठल्याही सूक्ष्मदर्शकाहून देखणी वाटते.

इतकी मैफल जमल्यावर नायट्रेट येतो.

नायट्रेटशी आमची ओळख विहिरीच्या पाण्याच्या अहवालापुरती. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, पुढे नाही, एवढे पंचायतीतल्या कुणालाही पाठ. खत, शेण, सांडपाणी यांतून तो येतो आणि पाण्यात इतका मजेत विरघळतो की गाळून, उकळून जात नाही. उकळाल तर उलट दाट होईल. त्याला घालवायचा एक मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन त्याचे रूपच पालटायचे. नायट्रोजन धन पाचवर बसलेला आहे, त्याला अमोनियमच्या ऋण तीनवर आणायला एकंदर आठ इलेक्ट्रॉन लागतात. आठ पायऱ्यांचा जिना म्हणा. त्यात पहिल्या दोनच अवघड. नायट्रेटचा नायट्राइट झाला की पुढे नायट्रिक ऑक्साइड, आणि तिथे तिठा: एक वाट अमोनियमकडे, एक हसवणाऱ्या वायूकडे, एक साध्या निरुपद्रवी नायट्रोजनकडे.

प्लॅटिनम या कामात सुगरण नाही, हे आधीच कबूल करतो. २००३ साली विद्युत्‌रसायनज्ञ कोपर यांच्या गटाने आम्लात वेगवेगळे धातू तोलून पाहिले. ऱ्होडियम पहिला, मग रुथेनियम, इरिडियम, आणि पॅलेडियमबरोबर प्लॅटिनम तळाला. मग रसग्रहण त्याचेच का? कारण ऱ्होडियम काम उरकून मोकळा होतो. प्लॅटिनम अडखळतो, आणि अडखळतो तिथे आतले दिसते. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, डिमा, बेल्त्रामो आणि कोपर यांनी हाच प्रश्न एकेका मुखाला स्वतंत्रपणे विचारला, आणि तागुची व फेलिऊ यांनी पायऱ्यांच्या मुखांवर नि मग २००८ मध्ये एकट्या (११०) वर तो आणखी खोल नेला. त्या अभ्यासांतून मला जी जागा सर्वांत आवडते ती अशी.

विद्युत्‌रसायनाचा सरळ हिशेब सांगतो की विभव जितके खाली न्याल, तितका इलेक्ट्रॉन देण्याचा रेटा वाढतो, तितकी क्रिया जोरात. नायट्रेटची रेषा सुरुवातीला तसेच करते. विभव उतरते, प्रवाह वाढतो. आणि मग, रेटा वाढत असतानाच, प्रवाह ओसरू लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला उपकरण बिघडल्यासारखे वाटते. बिघडलेले काही नसते. हायड्रोजन येऊन बसलेला असतो. नायट्रेट मुळात हलक्या पावलाचा, धातूला सैलसा टेकणारा. तीन ऑक्सिजन एका पातळीत, मधोमध नायट्रोजन, सगळे सारखे, कुठूनही घट्ट धरता न येणारे. त्याला बसायला रिकामी जागा लागते. खाली हायड्रोजनने सतरंजी व्यापलेली. वर गेलो तर रेटा अपुरा, शिवाय नायट्रिक ऑक्साइड एकदा का बसला की उठायचे नाव काढत नाही. गंधकाम्लात तर सल्फेटही रांगा लावून हजर. या सगळ्यांच्या मधल्या बोळातून नायट्रेटला वाट काढायची.

आता आधीच्या आलेखांकडे पुन्हा वळून पाहावे. हायड्रोजन (११०) वरून लवकर उठतो, (१००) वरून उशिरा. म्हणजे नायट्रेटचा बोळ प्रत्येक मुखावर वेगळ्या जागी उघडतो, वेगळ्या रुंदीचा. आम्ही ज्याला क्रियेचा वेग म्हणत होतो तो बराचसा बैठकीचा प्रश्न निघाला, कोण कधी उठतो याचा. ख्यालात स्वर लावण्याइतकेच स्वर सोडण्याला महत्त्व असते, ते इथे मायक्रोअँपिअरमध्ये वाचायला मिळते.

जाता जाता आपल्या समुद्राकडेही बघायला हवे, कारण नायट्रेटचा हाच जिना गोव्याच्या किनाऱ्यापुढे दर पावसाळ्यात जिवंतपणे उतरला जातो. नैर्ऋत्य मॉन्सूनमध्ये खालचे, ऑक्सिजन सरलेले पाणी उथळ भागात चढते, आणि जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवले की त्या ओघात हसवणारा वायू, नायट्रस ऑक्साइड, मोठ्या प्रमाणावर साठतो. जिवाणूंनाही तिठ्यावर चुकायला होते तर! आणि समुद्राचे पाणी तपासणारे नायट्रेट मोजतात कसे? तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या कणांतून पाणी सोडतात. ते कण नायट्रेटला बरोबर दोन पायऱ्या उतरवून नायट्राइटवर थांबवतात, मग रंगद्रव्य घातले की पाणी गुलाबी होते. जितके गुलाबी, तितका नायट्रेट. प्लॅटिनमला जी पहिली चाल जड जाते ती हे ओबडधोबड कण चटकन करून देतात. अलीकडे प्लॅटिनमच्या मुखांवरही तांब्याचे अणू शिंपडून हीच युक्ती खेळली जाते. माझ्या मनाचा कौल मात्र अजून उघड्या मुखालाच. तांबे शिंपडलेले मुख हुशार झाले, पण थोडे वाचाळ वाटते.

आणि एक शेवटची जागा, माझ्या मते या साऱ्या घराण्यातली सर्वांत नजाकतीची. २०११ मध्ये मात्तेओ डुका, कोपर, फेलिऊ आणि सहकाऱ्यांनी आम्ल सोडून अल्कली घेतली, नायट्रेट सोडून नायट्राइट घेतला आणि मुख (१००). या मुखावर नायट्राइट चक्क नायट्रोजन वायू होतो, अमोनिया नाही. अमोनियाच्या अर्ध्या वाटेवरचा एक तुकडा आणि नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू शेजारी शेजारी बसतात, एकमेकांतले नायट्रोजन जुळवतात आणि हवेत निघून जातात. पण शेजारी बसायला शेजार हवा. चौकोनी अणूंचे पठार लांब-रुंद, जवळपास निर्दोष असेल तरच हे घडते. थोडी मोडतोड झाली की वायू येत नाही, दुसरेच काही येते. एरवी पायरी म्हणजे वरदान वाटावे, तर इथे तीच पायरी मोडता घालते. नायट्रेटला स्वतःला मात्र या दालनात प्रवेश नाही. पहिल्या दोन पायऱ्यांचे त्याचे कर्ज फिटलेले नसते.

हे निर्दोष पठार कुठे घडते? घासण्यात नाही, ज्योतीतही नाही. ज्योतीतून काढल्यावर रवा निवतो त्या थोड्या सेकंदांत. हवेत निववला तर (१००) वर फुटके, लहान लहान तुकडे राहतात. हायड्रोजन आणि आर्गॉनच्या मिश्रणात सावकाश निववला तर अखंड मैदान मिळते. लाल रंग ओसरतो त्या सेकंदांत पुढच्या दिवसभराचा नायट्रोजन ठरून जातो.

मागच्या आठवड्यात हे सगळे मी शेटना सांगायचा प्रयत्न केला. शुद्ध सोन्याची तार होती, बावीस कॅरेटची नव्हे. म्हटले, एक रवा पाण्यात न बुडवता करा, ज्योत हळूहळू लांब न्या. त्यांनी केला. निवल्यावर भिंग लावून बराच वेळ बघत राहिले, दिव्याखाली इकडून तिकडे फिरवत. बाजूला एक टाचणीच्या डोक्याएवढा आरसा लखकन चमकला.

‘‘हा गोल नाही हो, मास्तर. इथे चपटा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘गिऱ्हाईक परत आणील.’’

‘‘आणील,’’ मी म्हणालो.

त्यांनी तो रवा वितळवला नाही. कागदाच्या पुडीत गुंडाळून गल्ल्यात ठेवला आणि दुसरी तार घेतली. टोक लाल झाले, झगझगीत झाले, वर सरकले. पाण्याचा वाडगा त्यांनी डाव्या हाताने, न बघताच, बाजूला सारला.